गुंतवणुकीचा फ्लॅट : शिवोली, पर्वरी की फोंडा?

पत्र : आम्ही दोघं साखळीला राहतो, घर स्वतःचं आहे. यजमान सरकारी नोकरीत आहेत, निवृत्तीला सहा वर्षं उरलीत. मुलगी बेंगळुरूला असते. हाताशी ४५ लाख आहेत आणि ३० लाखांपर्यंत कर्ज देऊ, असं बँक म्हणते. भाड्याने देण्यासाठी एक फ्लॅट घ्यायचा आहे. तीन पाहून ठेवलेत. शिवोलीला नवा वन बीएचके, ५८ चौरस मीटर सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा हिस्सा धरून), ७० लाख. बिल्डर तीन वर्षं वर्षाला ८ टक्के ‘खात्रीचं भाडं’ देणार आहे. पर्वरीला सुकूरच्या बाजूला बारा वर्षं जुना टू बीएचके, ६८ लाख, एजंट २२ हजार भाडं सांगतो. फोंड्याला कुर्टीत टू बीएचके, ५८ लाख, बांधकाम चालू, ताबा दोन वर्षांनी, तिथे १४ हजार भाडं येईल म्हणतात. दीर शिवोलीचा आग्रह धरतात, यजमानांना फोंडा आवडलाय. काय करावं? – एक वाचक, साखळी

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. शिवोली सोडा. जागा पर्वरीची बरी, पण हाच फ्लॅट घ्यायचा की नाही, हे पाणी आणि कागद पाहिल्याशिवाय ठरवू नका. आणि कर्ज ३० लाख काढू नका.

शिवोलीच्या ‘खात्री’चा हिशेब करा. ७० लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ५ लाख ६० हजार, तीन वर्षांत १६ लाख ८० हजार. आता त्याच भागात तसाच वन बीएचके वर्षभराच्या करारावर कितीला जातो, ते दोन-तीन एजंटांना भाडेकरू म्हणून फोन करून विचारा. समजा २४ हजार म्हणाले, तर वर्षाचे २ लाख ८८ हजार झाले. बिल्डर वरचे २ लाख ७२ हजार दरवर्षी कुठून देणार? तीन वर्षांचे हे ८ लाख १६ हजार बहुधा तुमच्याकडूनच किमतीत आधी घेतलेले असतात आणि मग महिन्यामहिन्याला परत येतात. चौथ्या वर्षी खरं भाडं सुरू होतं, तेव्हा फ्लॅट विकायला काढला तर घेणारा खऱ्या भाड्यावरच भाव लावतो. शिवाय खात्री देणारी कंपनी आणि फ्लॅट विकणारी कंपनी एकच आहे का, हे करारात बघा. पुष्कळदा भाड्याचा करार वेगळ्याच छोट्या संस्थेशी असतो. ती बंद पडली, तर बिल्डर हात झटकून मोकळा.

किनारपट्टीचं भाडं मोसमी असतं, हे दिरांनाही माहीत असेल. ऑक्टोबर ते मार्च घर भरलेलं, जून ते सप्टेंबर बंद. बंद घराला गोव्याचा पाऊस काय करतो ते डिसेंबरात दिसत नाही: कपाटांच्या प्लायला बुरशी, गाद्यांना कुबट वास, खिडकीच्या ग्रिलला गंज, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी खाऱ्या हवेने खाल्लेली. पर्यटकांना दिवसावारी द्यायचं, तर १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. सोसायटीचा आक्षेप येऊ शकतो, आणि चाव्या देणं, चादरी बदलणं, नळ दुरुस्त करणं हे सगळं साखळीत बसून होत नाही. माणूस ठेवलात की तो आपला वाटा घेतो.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न असा ठेवा, की जुलैतल्या मंगळवारी इथे कोण राहतं? कुणाची नोकरी, शाळा, इस्पितळ, कोर्ट इथे आहे म्हणून त्याला पावसातही इथेच राहावं लागतं? पर्वरीत सचिवालय आणि विधानसभा आहे, २०२१ पासून उच्च न्यायालयही तिथेच आहे, आणि पणजी पुलापलीकडे आहे. सरकारी कर्मचारी, वकील, बँकवाले, बाहेरून येऊन घरूनच काम करणारे, असे चार प्रकारचे भाडेकरू एका जागी मिळतात. एक गेला तर दुसरा येतो. ताळगाव, बांबोळी, सांताक्रूझ ही गावं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि विद्यापीठावर चालतात. निवासी डॉक्टर आणि परिचारिका चांगल्या भाडेकरू असतात, पण तिथल्या किमती तुमच्या आटोक्यात नाहीत. म्हापशाला जिल्हा इस्पितळ, बाजार आणि मोपा विमानतळावर जाणारी माणसं आहेत. त्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. पण पेडण्यात विमानतळाच्या नावाखाली जे प्लॉट आणि फ्लॅट विकले जातात, त्यांत राहायला येणारा भाडेकरू अजून कमीच, गुंतवणूकदारच जास्त.

फोंड्याचं यजमानांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि मधोमध असल्यामुळे पणजी किंवा मडगावला रोज जाणारी कुटुंबं, हा भाडेकरू टिकाऊ. भाडं मात्र कमी आणि वाढतं हळू. त्यातही कुर्टीचा फ्लॅट बसस्टँडपासून चालत किती, ते बघा. फोंड्याचा भाडेकरू बहुतेक दुचाकी किंवा बसवाला. खडपाबांध किंवा तिस्कच्या जवळचं जुनं घर त्याला कुर्टीच्या आतल्या नव्या घरापेक्षा सोयीचं पडतं.

मडगाव-वास्को तुम्ही विचारलं नाहीत. वेर्णा औद्योगिक वसाहतीमुळे त्या बाजूला भाडेकरू भरपूर आहेत. पण वास्कोला बंदराच्या कोळशाची धूळ आणि मडगावच्या एका टोकाला सोनसोडोचा कचरा यांचा विचार करावा लागतो, आणि साखळीहून तुम्हाला ते लांब. घरमालकाला तासाभरात पोचता येईल अशीच जागा घ्यावी.

आता आकडे. तुम्ही फ्लॅटची किंमत धरलीत, पण घर दारात येईपर्यंत लागणारा एकूण पैसा धरला नाहीत. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची मर्यादा आहे. गोव्यात ते टक्क्यांतच द्यावं लागतं, म्हणून मुद्रांक आणि नोंदणी मिळून ७ ते ८ टक्के वेगळे काढा. पर्वरीच्या ६८ लाखांवर सव्वापाच लाख, रंग-प्लंबिंग-वायरिंगला अडीच लाख, एकूण जवळजवळ ७६ लाख. म्हणजे तुमचे ७५ लाख इथेच अपुरे पडले. भाडं २२ हजार, पण वर्षाचे अकरा महिने धरा, कारण भाडेकरू बदलताना एखादा महिना जातोच: २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचे महिना अडीच हजारांप्रमाणे ३० हजार, घरपट्टी आणि विम्याचे ७ हजार, दुरुस्तीला १५ हजार. उरतात १ लाख ९० हजार, म्हणजे ७६ लाखांवर अडीच टक्के.

कुर्टीच्या घराला बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ९० हजार. मुद्रांक-नोंदणीचे साडेचार लाखांच्या आसपास, स्वयंपाकघर, पंखे, ग्रिल यांना तीन लाख. ५८ चे ६८ लाख होतात. दोन वर्षं भाडं शून्य. मग १४ हजारांप्रमाणे खर्च जाऊन वर्षाला सव्वा लाखाच्या आत उरतील, म्हणजे दोन टक्केही नाहीत. तेच घर भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळाल्यावर तयार घेतलं, तर जीएसटी लागत नाही.

या हिशेबात मुख्य फायदा भाव वाढण्यातून येणार, भाड्यातून नाही, हे मान्य असेल तरच पुढे जा. मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते आणि रात्री नळ गळतोय म्हणून फोन येत नाही.

कर्जाचंही तेच. ३० लाख, ८.५ टक्के, १५ वर्षं: हप्ता साधारण २९,५०० रुपये. भाडं २२ हजार, तेही हातात पूर्ण येत नाही. सहा वर्षांनी यजमान निवृत्त होतील त्या दिवशी बँकेचे २२ लाखांहून अधिक शिल्लक असतील. निवृत्तिवेतनातून ते फेडण्यापेक्षा आत्ताच घर लहान घ्या. पर्वरीत किंवा म्हापशात सुस्थितीतला वन बीएचके, सगळं धरून ५५-५८ लाखांत बसेल असा शोधा. कर्ज १२-१३ लाखांच्या वर जाणार नाही, आणि एकट्यादुकट्या नोकरदारांना, तरुण जोडप्यांना वन बीएचकेच हवा असतो. भाडं कमी, पण गुंतवलेल्या पैशाच्या मानाने टू बीएचकेला मागे टाकतं.

जागा बघायला कधी जायचं, हेही सांगतो. रविवारी सकाळी एजंटबरोबर जाऊ नका. आठवड्यातल्या दिवशी, शक्यतो पावसात, रात्री आठला दोघंच जा. इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. चोवीस घरांपैकी पाच-सहाच उजेडात असतील, तर बाकीचे मालक दिल्ली-मुंबईत आहेत. तिथे सोसायटीची वर्गणी थकते, लिफ्ट महिनोन्‌महिने बंद राहते, रंग निघाला तरी सभेला माणसं जमत नाहीत. सोळा-सतरा खिडक्या उजेडात असतील, तर इमारत जिवंत आहे.

दिवसा दुसरी फेरी मारा. नैऋत्येकडची भिंत बघा, पाऊस तिकडून मारतो. आतल्या रंगाला फोड किंवा हिरवट डाग असतील, तर नुसता रंग लावून उपयोग नाही, बाहेरून जलरोधक गिलावा करावा लागेल आणि तो खर्च एकट्या घराचा नसतो. वरच्या मजल्याचं घर असेल, तर गच्चीवर जाऊन पत्र्याचं छप्पर आहे का बघा. गोव्यात गच्चीवर पत्रा नसलेली जुनी इमारत गळत नसली तरच नवल. पर्वरीत महामार्गाला लागून असलेली इमारत टाळा. उड्डाणपुलाच्या कामाची धूळ आणि वळवलेली वाहतूक तिथल्या घरांना सोसावी लागली आहे. सुकूरला आत असाल तर बरं, पण गॅलरीपर्यंत हॉर्न ऐकू येतो का, तेही बघा.

पाण्यावर मात्र थांबा. पर्वरी-म्हापसा पट्ट्याला तिळारी धरणाचं आणि अस्नोडा प्रकल्पाचं पाणी येतं. कालव्यात बिघाड झाला, की बार्देश तालुकाभर बोंब होते. पणजी-फोंड्याकडे ओपा जलप्रकल्पाचं पाणी. नळाला किती तास पाणी येतं, हे विकणाऱ्याला विचारू नका. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारा, आणि सोसायटीच्या खजिनदाराकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. मग जमिनीखालची टाकी मोजा. सरकारी मानक माणशी दिवसाला १३५ लिटर. चोवीस घरं, घरटी साडेतीन माणसं धरली, तर चौऱ्याऐंशी माणसांना दिवसाला ११,३४० लिटर लागतात. टाकी दीड दिवसाची, म्हणजे १७ हजार लिटरच्या आसपास हवी. पाच-सहा हजारांची असेल, तर उन्हाळ्यात टँकर ठरलेला. कदंब पठारावरच्या चकचकीत इमारतींत भाडेकरू टिकत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

सांडपाण्याचंही विचारा. पणजी, मडगाव, वास्को या शहरांच्या काही भागांत मलनिस्सारण वाहिनी आहे, बाकी बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि सोक पिट (सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा). पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि सोक पिट भरतो. ऑगस्टात इमारतीच्या मागच्या बाजूला गेलात, की नाकालाच कळतं.

आता कागद. इतर राज्यांत पुरतील ते कागद गोव्यात पुरत नाहीत, म्हणून इथे जरा सावकाश.

घर ज्या जमिनीवर आहे तिचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सातबारासारखा) भू-नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. म्हापसा-पणजीसारख्या शहरी हद्दीत त्याऐवजी नमुना ‘डी’ असतो, त्यावर चलता नंबर (भूखंडाचा क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (शहराच्या नकाशाच्या पानाचा) लिहिलेला असतो. उतारा घेऊन आधी कब्जेदारांची नावं बघा. विकणाऱ्याचं किंवा बिल्डरचं नाव नसेल, तर नाव कोणाचं आणि ते विक्रीखतात कसं येतं, हे विचारा. मग कुळाचा रकाना. तिथे एखादं नाव असलं आणि ‘कूळ निघून गेलं’ असं तोंडी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. १९६४ च्या कूळ कायद्याखालचा हक्क तोंडी जात नाही, मामलेदाराचा आदेश लागतो. शेवटी इतर हक्कांचा रकाना. मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) घर, बँकेचा बोजा, वाट, असं जे काही असेल ते तिथे निघतं. मुंडकार १९७५ च्या कायद्याने सुरक्षित आहे. जमिनीच्या कोपऱ्यात जुनं कौलारू घर दिसलं, की हा प्रश्न हमखास विचारा. कब्जेदार म्हणून कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं) नाव असेल, तर तो विषय तिथेच थांबवा.

उताऱ्याच्या मागे मालकीची साखळी. गोव्यात ती पोर्तुगीजकालीन नोंदणी आणि मात्रीजपर्यंत (मालमत्ता कराची जुनी नोंदवही) जाते, म्हणून पोर्तुगीज वाचू शकणारा वकील शोधा. मालक मेला असेल, तर वारसांचा उत्तराधिकार दस्त किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) झालेली हवी. एक भाऊ सही करतो, दुसरा लिस्बनला किंवा लंडनला आहे आणि ‘नंतर करेल’, हे चालत नाही. परदेशी गेलेल्या किंवा मयत मालकांच्या जमिनी खोट्या कागदांवर लाटल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. विकणारा अनिवासी भारतीय असेल, तर ५० लाखांवरच्या व्यवहाराला नेहमी कापतो तो १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) चालत नाही. बराच जास्त कापावा लागतो, आणि न कापल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

बांधकामाचे कागद चार: झोनिंगचा दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे त्याचा), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा बांधकाम परवाना, आणि भोगवटा दाखला. पर्वरीचा फ्लॅट बारा वर्षं जुना, म्हणजे रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) आधीचा. भोगवटा दाखल्याशिवाय तो घेऊ नका. पाण्या-विजेची जोडणी आहे, म्हणजे दाखला असेलच, असं समजू नका. विक्रीखतात जमिनीचा अविभाजित हिस्सा लिहिला आहे का, तेही बघा. कुर्टीच्या प्रकल्पाचा क्रमांक गोवा रेराच्या संकेतस्थळावर घाला. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठपेक्षा जास्त असली, तर नोंदणी सक्तीची आहे, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही.

शिवोलीबद्दल दीर अजून ऐकत नसतील, तर त्यांना दोन गोष्टी विचारायला सांगा. ती जमीन मुळात सेटलमेंट झोनमध्ये (वस्तीसाठी राखलेल्या भागात) होती, की बागायत-शेतीतून मागाहून बदलली? नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालच्या अशा बदलांचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले आहेत. दुसरं, शापोरा नदीपासून अंतर किती? भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी ते सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) बंधनात येतं. आणि ५८ चौरस मीटर सुपर बिल्टअपमध्ये कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती, हे लेखी मागा. ३८-४० निघाले तर चौरस मीटरचा दर पावणेदोन लाखांच्या पुढे जातो, जाहिरातीत दिसतो तो एक लाख वीस हजार नव्हे.

टोकन देताना पावतीवर एवढं लिहून घ्या: भोगवटा दाखला, नील बोजा दाखला (मालमत्तेवर कर्ज-बोजा नसल्याचा) आणि विकणाऱ्याच्या पतीची किंवा पत्नीची संमती यांतलं एकही अमुक तारखेपर्यंत आलं नाही, तर रक्कम पूर्ण परत. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते, म्हणून विक्रीखतावर जोडप्यातल्या एकाचीच सही असेल तर ते अपुरं. तुमच्या बाजूनेही तसंच. फ्लॅट एकाच्या नावावर घेतला, तरी भाड्याचं उत्पन्न आयकरात तुम्हा दोघांच्या नावे निम्मं-निम्मं दाखवावं लागतं, गोव्यासाठी त्याचं वेगळं कलम आहे. तुम्ही आजवर विवरणपत्र भरत नसाल, तर पहिलं भाडं यायच्या आधी सीएकडे जाऊन या, आणि भाडेकरू आत येण्याआधी त्याचा पडताळणी अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या.